झाकली मूठ

आधी वास येतो. मासळीचा नव्हे, त्याची तुम्हाला सवय आहे. हा जळक्या सुतळीचा वास आणि त्यात सोऱ्याचा झणका. साल 1739. थंडी सरत आली आहे आणि तुम्ही वेसाव्याच्या खाडीकाठी ओल्या वाळूत उकिडवे बसला आहात. पलीकडे मढच्या अंगाला पोर्तुगीजांचा किल्ला नुसता काळा ढीग दिसतो. चिमाजी आप्पांच्या फौजांनी दोन वर्षांपूर्वी ठाणं घेतलं, साष्टीतली गावं घेतली. वेसावे आणि वसई अजून अडून बसली आहेत.

अंधारात माणसं दिसत नाहीत. दिसतात ते लाल ठिपके. काही गुडघ्याच्या उंचीवर, काही छातीच्या. मधूनच एखादा ठिपका तेजाळतो, कारण कुणीतरी त्याच्यावर फुंकर घालतो. एक ठिपका म्हणजे एक तोडा आणि एक तोडा म्हणजे एक बंदूकवाला. सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली ती सुतळी तासन्‌तास धुमसत राहते. बंदुकीच्या कानाशी रंजक भरायची, चाप ओढला की तोड्याचं पेटतं टोक त्या रंजकेवर टेकतं आणि मग नळीतली दारू उडते. सगळी करामत त्या निखाऱ्यावर.

शेजारी बसलेला बरकंदाज तोडा मनगटाला गुंडाळून घेतो. तुम्ही विचारता, हा विझवून का नाही बसत? तो तुमच्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघतो. "विझला तर हातात काय राहील? काठी."

ही बंदूक लपवायची कशी? लांबी माणसाच्या छातीला लागेल एवढी. कापडाखाली घ्यावी तर कापड पेटणार. वारा तुमच्याकडे असला तर माणूस दिसायच्या आधी त्याच्या हत्याराचा वास पोचतो. उघड बाळगणं हा त्या काळात कुणाचा हक्क नव्हता आणि कुणाचा तोराही नव्हता, दुसरा इलाजच नव्हता. फार तर हूल देता यायची. 1643 साली इंग्लंडात लॅन्सडाउनच्या टेकडीवरून माघार घेताना एका फौजेने पेटते तोडे दगडी भिंतीवर तसेच ठेवून दिले आणि अंधारात पाय काढला. शत्रू ठिपके मोजत बसला.

लपवायचं ते पातं. काठीच्या पोटात राहते ती गुप्ती, तिच्या नावातच लपणं आहे. बिचवा अस्तनीत जातो. वाघनखं मुठीत मावतात, हे तर प्रत्येक मराठी पोराला चौथीच्या आधी माहीत असतं. तेव्हा 1739 च्या त्या रात्री तुमच्या आसपास दोन्ही जातीची हत्यारं आहेत. फक्त बंदूक उघडी आहे आणि लपलेलं आहे ते लोखंड. पुढच्या काही दिवसांत वेसाव्याचा किल्ला पडतो, मे महिन्यात वसईही पडते. तुम्ही जाळं खांद्यावर टाकून घरी जाता.

निखारा बंदुकीच्या आत शिरला आणि हे सगळं बदललं. चाक फिरवून ठिणगी पाडणारी पिस्तुलं युरोपात निघाली तेव्हा सम्राट मॅक्सिमिलियनने 1517 मध्येच त्यांच्यावर बंदी घातली. कारण सरळ होतं, पेटता तोडा लागत नाही म्हणजे ती अंगरख्याखाली जाते. मग चकमकीची बंदूक आली, मग टोपीची, मग 1836 चं कोल्टच्या पेटंटचं रिव्हॉल्व्हर. आता हत्याराला वास नाही, ठिपका नाही. मूठ झाकता येते.

आता 1886 चा हिवाळा. तुम्ही मुलुंडकडचे शेतकरी आहात, अंगात बाराबंदी, पायात काही नाही. भात कापून झालं आहे, पण त्याआधी डुकरांनी दोन खाचरं लोळवून टाकली. विहार तलावाच्या काठाने तुम्ही चालला आहात आणि समोरून एक साहेब येतो. काखेत दुनळी, मागे बटलर, बटलरच्या हातात पाणलाव्यांची माळ. बंदूक उघडी, सूर्य तिच्यावर चमकतो. तुम्ही बाजूला होता. त्याला कुणी काही विचारत नाही, विचारायचं कारणही नाही. 1878 चा हत्यारांचा कायदा, लॉर्ड लिटनच्या अमदानीतला, त्याला लागू नाही. तुम्हाला लागू आहे.

तुमच्या घरात खुंटीवर आजोबांची तोड्याची बंदूक होती. सत्तावनच्या बंडानंतर सरकारने एकामागून एक कायदे करून गावोगावची हत्यारं मोजायला आणि उचलायला सुरुवात केली. आता त्या खुंटीवर घोंगडं आहे. बंदूक हवी तर ठाण्याच्या कचेरीत अर्ज करा, कारण साष्टी अजून ठाणे जिल्ह्यात आहे, उपनगर जिल्हा व्हायला 1920 उजाडायचं आहे. अर्ज लिहायला कारकुनाचे पैसे, वर गावच्या पाटलाची शिफारस. डुकरं तोवर थांबत नाहीत.

इथे थोडं थांबून एक गोष्ट बघा. उघडी की झाकलेली, हा वाद आपल्याकडे अजून जन्मलाही नाही आणि त्याचा निकाल लागून गेला आहे. ज्याच्या हातात राज्य त्याची बंदूक उघडी. बाकीच्यांनी ती ठेवायचीच नाही, ठेवलीच तर लपवून. काँग्रेसने 1887 च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्याविरुद्ध ठराव केला. बंदुकीची हौस त्यामागे नव्हती, रस्त्यातून चालताना बाजूला कोणी व्हायचं हा त्यातला मुद्दा होता.

उघड बंद झालं की लपवणं वाढतं. 1909 साली मुंबई बंदरावर उतरणाऱ्या एका प्रवाशाच्या पेटीकडे तुम्ही बघता आणि तुम्हाला काहीच संशय येत नाही. पेटीला दुहेरी तळ आहे आणि त्यात सावरकरांनी लंडनहून पाठवलेली वीस ब्राउनिंग पिस्तुलं आहेत. त्याच वर्षी 21 डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद थिएटरात नाटकाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे गोळ्या झाडतो. प्रेक्षकांच्या गर्दीत बसलेल्या त्या पोराच्या अंगावर काय आहे, हे शेजाऱ्याला कळलं नव्हतं. तोडा असता तर दारावरच्या माणसाला वास आला असता.

स्वातंत्र्यानंतर नवा कायदा झाला, 1959 चा. तो अमलात आला 1 ऑक्टोबर 1962 रोजी. ही तारीख लक्षात ठेवा. पुढे लागेल.

आता एकदम 16 नोव्हेंबर 1991. शनिवारची दुपार. अंधेरी पश्चिमेला लोखंडवाला संकुलात तुम्ही नुकतं घर घेतलं आहे आणि नातेवाईकांना पत्ता सांगताना अजून "वर्सोव्याच्या अलीकडे, दलदल होती बघा तिथे" असं सांगावं लागतं. जेवण झालं आहे. पहिला आवाज येतो तेव्हा तुम्हाला वाटतं दिवाळीचे उरलेले फटाके कुणी पोर लावतंय. दुसरा, तिसरा, मग मोजता येत नाही. स्वाती इमारतीत माया डोळस, दिलीप बुवा आणि त्यांचे साथीदार आहेत. खाली अतिरिक्त आयुक्त ए. ए. खान यांचं पथक. जवळजवळ चार तास हे चालतं आणि शेवटी सात जण मेलेले असतात. तुम्ही तो सारा वेळ स्वयंपाकघराच्या ओट्याखाली काढता, पोराचं डोकं मांडीत धरून, आणि प्रेशर कुकरची शिट्टी झाली तरी दचकता.

पण गोळीबाराआधीच्या दिवसांत तुम्ही काय पाहिलं होतं ते आठवा. गेटवरून जाणारी माणसं. पँटबाहेर सोडलेला शर्ट, त्याच्या खाली उजव्या बाजूला किंचित फुगवटा. मुंबईच्या बोलीत त्याला घोडा म्हणतात. बंदुकीच्या एका भागाचं नाव सगळ्या बंदुकीला पडलं. वडापावच्या गाडीवर कुणी वाकला, शर्ट वर सरकला, मूठ दिसली. त्याने शर्ट खाली ओढला, पण सावकाश. वडेवाल्याने पैसे घेतले नाहीत.

या सावकाशपणात उपनगराचं सगळं बंदूकशास्त्र आहे, असं माझं मत. आपल्याकडे शस्त्र लपवायचं म्हणजे कुणाला कळू नये म्हणून नव्हे. कळावं, पण दाखवलं असं म्हणता येऊ नये म्हणून. अर्धं झाकलेलं, अर्धं उघडं. झाकली मूठ सव्वा लाखाची असते ती आत काय आहे याचा अंदाज समोरच्याला असतो म्हणूनच. बिल्डरच्या मागे चालणाऱ्या सफारीवाल्या अंगरक्षकाचा फुगवटा, लग्नाच्या स्वागत समारंभात सोफ्यावर बसताना कंबरेवरून फिरवलेला हात, "परवान्याचं आहे हो" हे उगीचच सांगणं, सगळं त्याच घराण्यातलं. त्या दुपारी पोलिसांतही साध्या वेशातली माणसं होती. त्यांचे शर्टही बाहेरच होते.

26 नोव्हेंबर 2008 ची रात्र तुम्ही टीव्हीवर पाहिलेली आहे, तिथे तुम्हाला परत नेत नाही. दोनच गोष्टी. सीएसटीवर आलेल्या दोघांच्या रायफली आधी पाठीवरच्या पिशव्यांत होत्या, म्हणजे झाकलेल्या. आणि त्यांच्यासमोर रेल्वे पोलिसांच्या हातात ज्या उघड्या रायफली होत्या त्या पॉइंट थ्री नॉट थ्री, दुसऱ्या महायुद्धातल्या. वर्षानुवर्षं त्या सर्वांना दिसत होत्या आणि दिसणं हेच त्यांचं काम होऊन बसलं होतं. त्यानंतर अंधेरी, घाटकोपर स्टेशनांत दाराच्या चौकटी आल्या, ज्या सगळ्यांनाच पीं करतात आणि ज्यांच्या बाजूने निम्मी गर्दी जाते. मेट्रोच्या दारात मात्र डब्याची पिशवी यंत्रातून जाते आणि तुमची पाठ-पोट चाचपलं जातं. वर्सोव्याहून घाटकोपरला जाणारी ही मेट्रो 2014 ची. जिथून तुम्ही लाल ठिपके मोजत होता त्या किनाऱ्यापासून फार लांब नाही.

2016. आता जरा कागद बघू, कारण कागदातच खरी गंमत आहे.

वर्षाच्या पहिल्या दिवशी टेक्सासात कायदा बदलतो. परवाना असलेल्याने पिस्तूल म्यानात, म्हणजे होल्स्टरमध्ये, उघड लावून फिरलं तरी चालेल. ह्यूस्टनहून तुमच्या भाच्याचा फोन येतो. "मामा, दुकानात माझ्या पुढे एक म्हातारा होता. दुधाचा कॅन, पाव आणि पट्ट्याला पिस्तूल. कुणी बघत पण नाही रे."

"तू काय केलंस?"

"मी? मी दुसऱ्या रांगेत गेलो."

तिकडे हा वाद जुना आहे आणि दोन्ही बाजूंना ऐकण्यासारखं काही आहे. केंटकी राज्याने 1813 मध्ये लपवून शस्त्र बाळगायला बंदी केली तेव्हा समजूत अशी होती की सज्जन माणूस उघड बाळगतो आणि लपवतो तो दगाबाज. पुढे पारडं उलटं झुकलं. झाकलेलं शस्त्र बरं, कारण चोराला कळत नाही कुणाकडे आहे नि कुणाकडे नाही, म्हणजे ज्यांच्याकडे नाही त्यांचंही रक्षण होतं. उघडवाले म्हणतात, दिसलं की भांडण सुरूच होत नाही. झाकवाले म्हणतात, दिसलं की पहिली गोळी तुलाच. 2021 मध्ये टेक्सासने परवान्याची अटही बहुतेकांसाठी काढली. 2022 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने घराबाहेर पिस्तूल बाळगणं हा घटनेतला हक्क ठरवला. वाद आता प्रकारावर आहे.

आपल्याकडे शस्त्र हा हक्क नाही, परवाना आहे. आणि टेक्सासात पट्टे उघडे पडले त्याच वर्षी, जुलै महिन्यात, दिल्लीत नवे शस्त्र नियम निघाले. त्यातला नियम 32 मला वाटतं परवानाधारकांनीही फारसा वाचलेला नसावा. सार्वजनिक जागी पिस्तूल न्यायचं तर अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत. मोठी बंदूक तिच्यासाठी केलेल्या खोळीत. दोन्ही पूर्ण झाकलेल्या हव्यात आणि नेणाऱ्याचा त्यांच्यावर ताबा हवा. परजायची नाही, सार्वजनिक जागी उडवायची नाही. मोडलात तर परवाना जाऊ शकतो. 2019 च्या दुरुस्तीने वरातीत हवेत गोळ्या झाडून कुणाच्या जिवाला धोका आणणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितले, तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवायची मुभा ठेवली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली.

म्हणजे भारतात उघड बाळगायचं की झाकून, याचं उत्तर कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. झाकून.

मला हा नियम आवडतो आणि त्याचं कारण सांगतो. अमेरिकेतला सगळा युक्तिवाद बंदूकवाला आणि चोर या दोघांत चालतो. नियम 32 मध्ये तिसरा माणूस आहे, रांगेतला. म्हणजे तुम्ही. सकाळी साडेआठची चर्चगेट फास्ट अंधेरीला लागते तेव्हा तुमची कोपरं दुसऱ्याच्या बरगड्यांत असतात आणि तिसऱ्याची बॅग तुमच्या मानेवर. या डब्यात कुणाच्या पट्ट्याला उघडी मूठ असेल तर ती कुणाच्याही हाताशी आहे. "ताबा हवा" हे दोन शब्द टेक्सासच्या मोकळ्या पार्किंगमध्ये एक अर्थ सांगतात आणि बोरिवली लोकलमध्ये दुसरा. शिवाय घाबरण्याचाही प्रश्न आहेच. भाचा दुसऱ्या रांगेत गेला. आपल्याकडे दुसरी रांग नसते.

पण नियम झाकायला सांगतो, कुलूप लावायचं काम तो तुमच्यावर सोडतो.

31 जुलै 2023. पाऊस. पहाटे सहाचा सुमार, बोरिवलीचा फलाट. तुम्ही पहिल्या पाळीला निघाला आहात, डबा हातात, छत्री गळते आहे. जयपूरहून आलेली सुपरफास्ट उभी आहे आणि डब्यांच्या दारांशी पोलिसांची धावपळ आहे. कुणी फोनवर ओरडून बोलतंय. हळूहळू कळतं. गाडीच्या सुरक्षेसाठी असलेल्या रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानावर आरोप आहे की पालघर सोडल्यावर त्याने आधी आपल्या वरिष्ठाला आणि मग वेगवेगळ्या डब्यांतल्या तीन प्रवाशांना गोळ्या घातल्या. मीरा रोडच्या आसपास गाडी थांबली, तो उतरला आणि पकडला गेला. हत्यार सरकारी होतं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलेलं. प्रवाशांना त्या रायफलीकडे बघून झोप लागली असेल. उघड्या बंदुकीचं काम तेच असतं, तिच्याकडे बघून सभ्य माणसाने निश्चिंत व्हायचं. बँकेच्या दारातला पहारेकरी बारा बोअरची दुनळी मांडीवर आडवी ठेवून डुलकी घेतो, आपण त्याला ओलांडून पासबुक भरायला जातो. कधी तिच्याकडे नीट बघितलं आहे? मी बोरिवलीनंतर बघायला लागलो.

सहा महिने जातात. 8 फेब्रुवारी 2024, बोरिवली पश्चिम, आय. सी. कॉलनी. तुम्ही घरी आहात, फोनवर फेसबुक उघडं आहे. माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर आणि मॉरिस नोरोन्हा शेजारी शेजारी बसून लाइव्ह बोलताहेत, जुनं वैर मिटल्याचं सांगताहेत. नोरोन्हा उठून चौकटीबाहेर जातो. घोसाळकर बोलणं आटोपतात, उठायला लागतात आणि गोळ्यांचा आवाज येतो. थोड्या वेळाने नोरोन्हाने स्वतःलाही गोळी घातल्याचं कळतं. तुम्ही फोन पालथा ठेवता. तेवढ्यात तोच व्हिडिओ दुसऱ्या कुणीतरी पाठवलेला असतो.

पिस्तुलाचा परवाना दोघांपैकी कुणाच्याच नावाचा नव्हता. तो नोरोन्हाच्या अंगरक्षकाच्या नावाचा, तोही उत्तर प्रदेशातला. अंगरक्षकाला पोलिसांनी अटक केली, पुढे उच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. त्या संध्याकाळी पिस्तूल कुणाच्या कंबरेला उघडं नव्हतं. झाकलेलं म्हणाल तर होतं, पण ज्याच्या अंगाला असायचं त्याच्या नव्हे. नियमातला पूर्ण झाकलेलं हा भाग पाळला गेला आणि ताबा हा भाग गेला. उघड की झाकून, या प्रश्नाने मेलेल्या माणसाचं काही भलं झालं नसतं. बंदूक अंगावर नसते तेव्हा ती कुठे असते, असं विचारलं असतं तर कदाचित झालं असतं.

त्याच वर्षीची 1 ऑक्टोबर, शस्त्र कायदा अमलात येऊन बरोबर बासष्ट वर्षं झालेली तारीख. पहाटे पावणेपाच, जुहू. कोलकात्याचं विमान पकडायचं म्हणून अभिनेते गोविंदा आवरत आहेत. स्वतःचं, परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून निसटतं, गोळी सुटते आणि त्यांच्याच पायात घुसते. कुणी वैरी नाही, वाद नाही, गर्दी नाही. घरातलं कपाट आणि भरलेलं रिव्हॉल्व्हर. गोळी काढली गेली, ते बरे झाले, लोकांनी दोन दिवस विनोद केले. तुम्हीही एखादा पुढे पाठवला असेल. पण बघा, अंगावरून उतरवून जागेवर ठेवण्याच्या त्या एका क्षणाबद्दल कोणत्या वादात कुणी कधी बोलतं का?

अकरा दिवसांनी दसरा, 12 ऑक्टोबर. खंडेनवमी-दसऱ्याला आपण हत्यारं पुसून, हळद-कुंकू लावून पाटावर मांडतो. कारखान्यात पाना-स्क्रूड्रायव्हर, घरात विळी, रिक्षावाल्याची रिक्षा आणि पोलीस ठाण्यात रायफली, झेंडूच्या माळा घातलेल्या. वर्षातला हा एक दिवस शस्त्र उघडं ठेवण्याचा आणि तेव्हा ते जमिनीवर असतं, हातात नसतं. रात्री वांद्रे पूर्वेला मुलाच्या कार्यालयाबाहेर माजी मंत्री बाबा सिद्दीकी यांच्यावर गोळ्या झाडल्या जातात. फटाके वाजत असतात. त्यांना पोलीस संरक्षण होतं. लोखंडवालातली तुमची जुनी चूक इथेही अनेकांची झाली, आधी सगळ्यांना फटाकेच वाटले.

आणि तीन दिवसांनी, 15 ऑक्टोबरला, विधानसभा निवडणूक जाहीर होते. आचारसंहिता.

आता तुम्ही मुलुंडचे एक व्यापारी आहात. चौदा वर्षांपूर्वी खंडणीचा फोन आला होता, तेव्हा खेटे घालून परवाना काढला. पॉइंट थ्री टू, सरकारी कारखान्यातलं. नऊ मिलिमीटर सामान्य माणसाला मिळत नाही. एकदाही झाडलेलं नाही. जुन्या मारामारीत तुमचं नाव आहे म्हणून निवडणुकीआधी परवाने तपासणाऱ्या छाननी समितीच्या यादीत तुम्ही आलात आणि पोलीस ठाण्यातून निरोप आला, जमा करा. बँकांच्या पहारेकऱ्यांना यातून सूट असते. तुम्ही टेबलापाशी उभे. हवालदार चेंबर उघडून दाखवायला सांगतो, गोळ्या मोजतो, नंबर परवान्याशी ताडून बघतो, पावती फाडतो. पिस्तुलाला चिठ्ठी बांधून ते आत जातं, जिथे इतरांचीही चिठ्ठ्या बांधलेली पडली आहेत. ओळखीचा एक बिल्डरही रांगेत आहे, सफारीवाला आज त्याच्यामागे नाही. तुम्ही एकमेकांकडे बघून न बघितल्यासारखं करता.

20 नोव्हेंबरला मतदान होतं, 23 ला निकाल. त्या पाच आठवड्यांत तुमच्या कंबरेला काही नव्हतं, हे दुकानातल्या पोराला कळलं नाही, चहावाल्याला कळलं नाही आणि खंडणीवाल्यालाही कळलं नाही. मुलुंड जसं होतं तसंच राहिलं. तुम्हाला झोप मात्र नेहमीपेक्षा बरी लागली, हे तुम्ही बायकोलाही सांगितलं नाही.

निकालाला आठवडा उलटल्यावर तुम्ही परत जाता. पावती देता, नंबर ताडून बघता, सही करता. हवालदार म्हणतो, "शेठ, नीट न्या." तुम्ही पिस्तूल होल्स्टरमध्ये घालता, होल्स्टर पट्ट्याला अडकवता, वर शर्ट सोडता. बाहेर पाच रस्त्याकडे जाणारी शेअर रिक्षा उभी आहे, मागे दोघं बसलेले. तिसऱ्याने जरा सरकून घ्यायचं असतं. तुम्ही सरकता, उजवी बाजू आतल्या अंगाला.